ऐंशी फटके



गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ. त्यावर युनियनच्या माणसाने काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण रोरी मॅक्लरॉय हा उत्तर आयर्लंडमधील कष्टकरी घरातला. मुलाच्या खेळापायी बाप बारमध्ये नि साफसफाईची कामे करी, आई कारखान्यात रात्रपाळी करी.

एप्रिल २०११. ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा. तीन दिवसांअखेर हा २१ वर्षांचा पोर चार फटक्यांनी पुढे होता. शेवटच्या दिवशी दहाव्या होलवर चेंडू डावीकडे झाडांत, पार कॉटेजांपाशी गेला. चारांच्या जागी सात फटके! बाराव्याला हिरवळीवर पोचल्यावरही चार वेळा चेंडू ढकलावा लागला. दिवसाची बेरीज ८०. पहिल्याचा पंधरावा झाला.

आम्हांला निदान मालकाला बोल लावता येतो. इथे चेंडू स्थिर, मारणारा आपणच. आणि पडला असेल तिथूनच पुढचा फटका. तरी तो त्याच संध्याकाळी पत्रकारांपुढे उभा राहिला. फसलेल्या संपानंतर दुसऱ्या सकाळी गेटवर उभे राहणे किती जड जाते, ते गिरणगावात विचारा!

दहा आठवड्यांनी त्याने यू. एस. ओपन आठ फटक्यांनी जिंकली. मास्टर्सने मात्र १४ वर्षे झुलवले. २०२५ साली अठराव्या होलवर जवळचा, जिंकून देणारा फटका हुकला आणि बरोबरी झाली. निकालासाठी तोच होल पुन्हा खेळायचा होता. त्याने तो तीन फटक्यांत संपवला.