गुन्ह्यात न बसणाऱ्या गोष्टींची नोंद



 अधिवेशनाच्या अध्यक्षाने समाजशास्त्राचा आणि समाजकार्याचा वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. आज ती प्रथा बाजूला ठेवून मी एकाच कामाविषयी बोलणार आहे. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांनी आपल्यावर होणाऱ्या वंशद्वेषी वागणुकीची नोंद स्वतः ठेवायला सुरुवात केली, ते हे काम. आपल्या व्यवसायाने ते बारकाईने अभ्यासावं, असं मला फार वाटतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजलिसच्या एका शाळेत आशियाई वंशाच्या मुलाला ‘चीनला परत जा’ असं सुनावलं गेलं आणि मारहाण झाली. करोनाची साथ तेव्हा अमेरिकेत नीट पसरलीही नव्हती. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक रसेल जंग अशा प्रकारांच्या बातम्या गोळा करत होते. पण बातमी होते ती शंभरातल्या एखाद्या प्रसंगाची. १९ मार्च २०२० रोजी त्यांच्या विद्यापीठाचा एशियन अमेरिकन स्टडीज विभाग, सिंथिया चोई यांची ‘चायनीज फॉर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ आणि मंजुषा कुलकर्णी यांची लॉस एंजलिसमधली संस्था अशा तिघांनी मिळून ‘स्टॉप एएपीआय हेट’ नावाचं नोंद केंद्र सुरू केलं. कुलकर्णी हे आडनाव ऐकून सभागृहात कुजबुज झाली, ती साहजिक आहे. भारतात जन्मलेल्या आणि अलाबामात वाढलेल्या या वकीलबाईंनी त्याआधी दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी बरीच वर्षं काम केलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्या केंद्राकडे साडेसहाशेच्या वर हकिगती आल्या.

तिथे भरायचा अर्ज साधा होता. कुठे घडलं, केव्हा घडलं, काय घडलं, कशामुळे घडलं असं तुम्हाला वाटतं, आणि शेवटी तुमच्या शब्दांत सांगण्यासाठी मोकळी जागा. अर्ज इंग्रजीबरोबरच चिनी, कोरियन, व्हिएतनामी अशा अनेक भाषांत होता. पोलीस ठाण्यात दुभाषा मागण्याचं धाडस न होणारी आजी तो नातवाला शेजारी बसवून भरू शकत होती. या अर्जात गुन्ह्याचं कलम विचारलेलं नव्हतं. माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

१९ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२१ या काळात ३,७९५ नोंदी आल्या. त्यांतल्या ६८.१ टक्के शिवीगाळीच्या होत्या, तर शारीरिक हल्ल्याच्या ११.१ टक्के. आणि २०.५ टक्के नोंदी ‘टाळण्याच्या’ होत्या. रांगेत मुद्दाम दूर सरकणं, शेजारच्या आसनावरून उठून जाणं, टॅक्सीवाल्याने गाडी न थांबवणं. यातला कोणता प्रकार फौजदारी गुन्हा आहे? शिवी बहुतेक वेळा नाही. उठून जाणं तर मुळीच नाही. म्हणजे पोलिसांच्या चाळणीतून हे सगळं खाली गळून जाणार, आणि वर जे उरेल त्यालाच आपण देशातला वंशद्वेष म्हणणार. एफबीआयच्या हिशेबात २०२० या वर्षातले आशियाईविरोधी द्वेषमूलक गुन्हे तीनशेच्याही आत आहेत. त्यातही स्थानिक पोलिसांनी एफबीआयला आकडे पाठवायचे की नाही, हे त्यांच्या मर्जीवर असतं. द्वेषमूलक गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारा १९९० चा संघराज्याचा कायदा त्यांच्यावर तशी सक्ती करत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला ‘टाळणं’ हा प्रकार समजावून सांगायला नको. वाळीत टाकणं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. पाणी न देणं, किराणा न देणं, लग्नाला न बोलावणं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर न्यायालयात उभी राहत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन जातपंचायतींच्या हकिगती लिहून घेतल्या, पीडित कुटुंबांना बोलतं केलं, तेव्हा कुठे २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. हकिगती आधी आल्या, कलम मागून आलं. कॅलिफोर्नियात नेमकं हेच घडलेलं दिसतं.

‘स्टॉप एएपीआय हेट’च्या नोंदींत जागेचा रकाना होता. सुमारे ३५ टक्के प्रकार दुकानांत, उपाहारगृहांत, म्हणजे व्यवसायाच्या ठिकाणी घडले होते आणि सुमारे २५ टक्के रस्त्यांवर. सार्वजनिक वाहतुकीतल्या तक्रारीही ठळक होत्या. पुरुषांच्या २.३ पट नोंदी बायकांच्या होत्या. आता हे नुसतं पोलिसांकडे नेलं असतं तर उत्तर आलं असतं, ‘गस्त वाढवू’. पण वाण्याच्या दुकानात गस्त काय करणार? म्हणून कार्यकर्त्यांनी बस आणि रेल्वे चालवणाऱ्या संस्थांकडे मोर्चा वळवला. त्या आटापिट्यातून २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, की राज्यातल्या दहा मोठ्या वाहतूक संस्थांनी प्रवाशांना, त्यातही बायकांना आणि अल्पसंख्याकांना होणाऱ्या त्रासाची माहिती गोळा करायची. अर्जात ‘कुठे घडलं’ हा रकानाच नसता, तर ही मागणी कोणाला सुचली असती? आपल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली करायला शिकवताना हे उदाहरण मी अवश्य देईन.

या आकड्यांच्या मर्यादाही मला तितक्याच आस्थेने सांगायच्या आहेत, कारण त्या लपवल्या तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. ज्यांना केंद्र माहीत होतं आणि सांगावंसं वाटलं, त्यांनी सांगितलं. हा नमुना यदृच्छेने निवडलेला नाही. त्यावरून ‘दर हजारी इतके’ असं प्रमाण काढता येत नाही. नोंदी वाढल्या की द्वेष वाढला असंही सरळ म्हणता येत नाही. केंद्राचं नाव वर्तमानपत्रांत आलं की नोंदी वाढतातच. मार्च २०२२ पर्यंत हा आकडा ११,४६७ वर गेला, तो वाचताना हे भान हवं. पण काय काय घडतं, कुठे घडतं, कोणाच्या वाट्याला येतं, हे या नोंदी जितक्या तपशिलाने सांगतात तितकं दुसरं काही सांगत नाही.

१६ मार्च २०२१ रोजी त्या पहिल्या ३,७९५ नोंदींचा केंद्राचा वर्षभराचा अहवाल निघाला. त्याच दिवशी अटलांटा परिसरातल्या स्पांमध्ये गोळीबार होऊन आठ जण मारले गेले, त्यांत आशियाई वंशाच्या सहा बायका होत्या. एरवी कोणी न वाचलेला अहवाल रातोरात देशभर वाचला गेला. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी कोविड-१९ द्वेषगुन्हे कायद्यावर सही केली. माणसं मेल्यावरच कागदाकडे लक्ष जावं, याचा मला संताप येतो. पण कागद तयार होता, हेही खरं.

तो नेहमी तयार नसे. १९८२ मध्ये डेट्रॉइटला व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जात असल्याचा राग त्या शहरात खदखदत होता. मारेकऱ्यांना तुरुंग झाला नाही. तीन हजार डॉलर दंड आणि परिवीक्षा. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना धमकावायला सुरुवात केली. कुंकू लावणाऱ्या बायका रस्त्याने जायला घाबरू लागल्या. जवळच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि खुनाबद्दल कोणीही दोषी ठरलं नाही. त्या भागात आज कितीतरी मराठी घरं आहेत. त्या काळी रोज ऐकलेली शिवी, फुटलेली खिडकी, पोराने शाळेतून रडत येणं, हे सगळं कोणी एका ठिकाणी लिहून ठेवलं असतं, तर मोदींच्या खटल्याभोवतीचं वातावरण तरी लोकांपुढे मांडता आलं असतं. सप्टेंबर २००१ नंतर दक्षिण आशियाई संघटनांनी ही चूक होऊ दिली नाही. हल्ल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्याच ६४५ घटना त्यांनी बातम्यांतून वेचून काढल्या. बातम्यांतून नोंद काढण्याची ही रीत जुनी आहे; अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांचंच काम घ्या. त्यांनी १८९५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींची यादी छापली, तेव्हा गोऱ्यांच्याच वर्तमानपत्राने दिलेले आकडे वापरले, म्हणजे खोटं पाडायला जागा उरू नये.

आता आपल्या दाराशी येतो. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत सांताक्रूझला एका मणिपुरी तरुणीच्या अंगावर मोटारसायकलस्वार थुंकला. केंद्रीय गृहमंत्रालयाला त्याआधीच, मार्चमध्ये, ईशान्येच्या लोकांना करोनावरून छळू नये असं सर्व राज्यांना कळवावं लागलं होतं. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचली विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीने दंडविधानात स्वतंत्र कलमं सुचवली; ती आली नाहीत. पुण्यात ईशान्येची हजारो मुलं शिकतात, उपाहारगृहांत आणि ब्यूटी पार्लरमध्ये राबतात. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवांमुळे अशाच मुलांनी घरी परतण्यासाठी पुणे स्टेशन गाठलं, ती गर्दी आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिली. घर नाकारलं, भाडं चढवून सांगितलं, रिक्षात नावं ठेवली, याची नोंद आज महाराष्ट्रात कुठे आहे?

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो आहे. पुणे आणि मुंबईतल्या ईशान्य भारतीय विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या मंडळांबरोबर बसून आपण असं नोंद केंद्र उभारावं. अर्ज त्यांनी ठरवावा, आपण पद्धत पुरवावी. तो मणिपुरी, मिझो, नागामीज, नेपाळी, हिंदी आणि मराठीत असावा. नाव देणं ऐच्छिक असावं, आणि दिलेलं नाव सांगणाऱ्याच्या संमतीवाचून पोलिसांना, मालकाला किंवा वर्तमानपत्राला जाऊ नये. नोंद करणाऱ्याला आठ दिवसांच्या आत कोणीतरी फोन करावा, वकील हवा का, डॉक्टर हवा का, नुसतं कोणी ऐकायला हवं का, हे विचारावं. या शेवटच्या अटीशिवाय केंद्र सुरू करायला माझा विरोध आहे. मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल, आणि मंडळांचे प्रतिनिधी आज इथे आले आहेत, तेव्हा पहिलं बोलणं त्यांचं होऊ द्या.