स्टाफ नर्स पुन्हा वर्गात बसते तेव्हा



बारा वर्षं वॉर्डात काम केल्यावर मी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. आज माझ्याबरोबर शिकलेल्या बायकांबद्दलही बोलेन.

आपल्यातल्या बऱ्याच मुली जीएनएम करतात. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग नोकरी. घरी पगाराची वाट पाहिली जात असते. पदवी हवी तर पुढे आणखी दोन वर्षं वर्गात बसायचं. एम.एस्सी. नर्सिंग करायचं तर पदवी लागतेच.

बोटांनी चाचपून शीर शोधणारी बाई बायोकेमिस्ट्रीच्या वहीसमोर घाबरते. संशोधन आणि संख्याशास्त्र तर नकोच वाटतं. पण तिथेच कळलं, की बेडसोर वाढताना आम्ही रोज पाहत होतो, मांडता मात्र येत नव्हतं. कोणत्या पेशंटची कूस किती वेळा बदलली याचा तक्ता ठेवला, की डॉक्टरही थांबून वाचतात.

खरी अडचण घरात असते. खासगी दवाखान्यातल्या काही जणींना रजा मिळत नाही, राजीनामाच द्यावा लागतो. रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक, दिवसभर क्लिनिकल पोस्टिंग, इफ्तारची तयारी आणि रात्री केअर प्लॅन लिहायचा. एका मैत्रिणीला सासूबाई म्हणाल्या, "आता पोरीचं शिकायचं वय, तुझं कसलं?" नवऱ्याने सहरी करायला घेतली, म्हणून ती परीक्षेला बसू शकली. एवढ्याशा गोष्टीवर पदवी अडते!

रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपण सभांमध्ये अभिमानाने घेतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना मशिदीतल्या त्यांच्या तंबूत ठेवलं होतं. नाव जरूर घ्यावं. पण लग्न जुळवताना "नर्स आहे, रात्रपाळी असते" म्हणून स्थळ नाकारणारेही त्याच सभांना बसलेले असतात.

तुमच्यापैकी जे मोहल्ल्यातल्या संस्थांचं काम पाहतात, त्यांना एक सांगायचंय. आपल्या शिष्यवृत्त्या बहुधा दहावी-बारावीच्या मुलांसाठी असतात. दोन मुलांची आई असलेल्या नर्सला वयाची अट आडवी येते. ती अट काढा. फीपेक्षा दोन वर्षांचा बुडणारा पगार तिला जास्त जड जातो, त्याचाही विचार करा. अर्जात 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' असा रकाना असतो. पस्तीस वर्षांच्या बाईने तिथे काय लिहायचं, तेही ठरवा.