पाँडिचेरी: फ्रेंचांची वखार आणि मराठ्यांचा कौल

पाँडिचेरी म्हटले की डोळ्यांसमोर पिवळ्या भिंती, सरळ रस्ते आणि समुद्र येतो. हे शहर फ्रेंचांनी वसवले, असे आपण सहज म्हणून जातो. आज मी तुम्हाला त्याची पहिली पंचवीस वर्षे सांगणार आहे. त्यात फ्रेंच आहेतच, पण आपली माणसेही बरीच आहेत.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६६४ साली, म्हणजे इंग्रज आणि डचांच्या साठेक वर्षे मागून. चांगली बंदरे आधीच गेलेली. १६७२ मध्ये फ्रेंचांनी मद्रासजवळचे सेंट थोम घेतले, पण गोवळकोंडा आणि डच यांनी मिळून दोन वर्षांत ते सोडायला लावले. याच काळात विजापूरच्या बाजूने या मुलुखाचा कारभार पाहणाऱ्या शेरखान लोदीने त्यांना किनाऱ्यावर एक गाव देऊ केले. तेच पुदुच्चेरी, म्हणजे तमिळमध्ये नवे गाव. तिथे फ्रान्स्वा मार्टिन मूठभर माणसे घेऊन राहिला. आसपास विणकरांची गावे होती आणि कंपनीला हवे होते कापड.

मार्टिन शेरखानाच्या भांडणांतही पडला. १६७६ मध्ये वालदावूर घ्यायला त्याने खानाला मदत केली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली आणि शेरखानाचा पराभव केला. आता विचार करा, पराभूत माणसाच्या मित्राने काय करायचे? मार्टिनने महाराजांकडे वकील पाठवले. त्यांतला एक फ्रेंच, जर्मँ नावाचा. छावणीत थाटमाट नाही, बायका नाहीत, जाडजूड सामान नाही. साध्या जाड्याभरड्या कापडाचे दोनच छोटे तंबू, एक महाराजांचा, एक प्रधानाचा. हे वर्णन मार्टिनने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या आठवणी जरूर वाचाव्यात; व्यापाऱ्याची नजर आहे, भाटाची नाही.

फ्रेंचांना अभय मिळाले. अट एवढीच, की शेरखानाला मदत करायची नाही. पुढे जिंजीचा कारभार हरजीराजे महाडिकांकडे आला. त्यांच्याशी पैशांची देवघेव ठेवत, अर्ज करत मार्टिनने संभाजी महाराजांच्या राजवटीच्या अखेरीस तटबंदीची परवानगी मिळवली. म्हणजे पाँडिचेरीचा पहिला कोट उभा राहिला तो मराठ्यांच्या संमतीने.

आता थोडे अवघड सांगतो. राजाराम महाराज जिंजीत पोचले, मागोमाग झुल्फिकारखानाचा वेढा पडला आणि खजिना रिकामा झाला. डचांनी पैसे पुढे केले. जिंजीच्या दरबाराने पाँडिचेरीवरचा हक्क त्यांना देऊन टाकला आणि १६९३ च्या सप्टेंबरात डच आरमारापुढे मार्टिनने शरणागती पत्करली. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगत नाहीत. मला त्यात लपवण्यासारखे काही दिसत नाही. वेढ्यात अडकलेल्या राजाला फौजेचा पगार भागवायचा होता आणि त्याच्या दृष्टीने किनाऱ्यावरचा एक टोपीकर जाऊन दुसरा येत होता, इतकेच. फ्रेंचांना मात्र तो विश्वासघात वाटला, हेही खरे.

आणि गंमत बघा. ज्या काटकोनी रस्त्यांना आपण फ्रेंच नगररचना म्हणतो, त्यांचा १६९४ चा आराखडा डचांनी काढलेला आहे.

१६९७ मध्ये युरोपात रिस्विकचा तह झाला, त्यात पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली. प्रत्यक्ष ताबा यायला १६९९ उजाडले, शिवाय डचांनी वाढवलेल्या तटबंदीचे पैसे वेगळे मोजावे लागले. तोवर जिंजीही मोगलांकडे गेली होती. मार्टिन परत आला आणि नवा किल्ला बांधायला घेतला. किल्ला १७०६ मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी मार्टिन तिथेच वारला.