समूह म्हणजे कोण कोण?



मी गोदीत गोण्या वाहणारा माणूस. दहावी पास. शिक्षणशास्त्र सांगायला उभा नाही. वस्तीत आपण रात्रीची शाळा चालवतो. एक खोली, एक सतरंजी, एक हलगी, रंग आणि कागद. तिच्याबद्दल बोलायचंय. पण आधी एका दुसऱ्या शाळेबद्दल.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९३३ साली ब्लॅक माउंटन कॉलेज निघालं. एका कॉलेजातून बाहेर पडलेल्या मास्तरांनी ते काढलं. वर मालक नाही, कारभार मास्तरांच्याच हातात. चित्र, विणकाम, संगीत, नाटक हे तिथं तोंडी लावायला नव्हतं, तीच भाकरी होती. जर्मनीतली बाउहाउस ही कलाशाळा नाझींच्या दडपणाखाली त्याच साली बंद पडली. तिथले योझेफ आणि आनी आल्बर्स इथं शिकवायला आले. मास्तर-पोरं शेतात राबायची. १९४०-४१मध्ये त्यांनी आपल्या हातांनी इमारत उभी केली. हात आणि डोकं यांची फारकत नाही! वाचून छाती फुगली माझी.

पण पुढं वाचलं. तिथली पहिली काळी विद्यार्थिनी, आल्मा स्टोन विल्यम्स, आली १९४४च्या उन्हाळ्यात. म्हणजे अकरा वर्षांनी! दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. आसपासचे गोरे अंगावर येतील ही धास्ती होती, त्यावरून मास्तरांत भांडणं झाली. तरी दार उघडलं, आणि तेही सुप्रीम कोर्टानं १९५४ साली शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवण्याच्या दहा वर्षं आधी. १९४६ला जेकब लॉरेन्स हा काळा चित्रकार तिथं शिकवायला आला. १९५७ साली पैशाअभावी कॉलेज बंद पडलं. पण मला त्याची इमारत आठवत नाही, ते दार आठवतं.

आपल्याकडं हे दार फार आधी उघडलंय. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. शाळेत शिकली आणि आपल्या माणसांसाठी बोलली. कला कला म्हणतात ती आणखी कुठली?

आता आपलं बघा. गेल्या महिन्यात गटारसफाई करणाऱ्या घरांतली चार पोरं शाळेत आली, आणि दोन घरांनी आपली पोरं काढून घेतली. का? तर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं नाही. ही जयभीम करणारी घरं! मग भिंतीवरच्या बाबासाहेबांनी बघायचं तरी काय?

काहीजण सुचवतात, त्या पोरांचा वर्ग वेगळ्या वारी घ्या. म्हणजे वेगळा पाणवठाच की! आपल्या बापजाद्यांनी तेच तर भोगलं.

वार वेगळा होणार नाही. सतरंजी एकच राहील. एका कागदावर दोन घरांतली दोन पोरं चित्र काढतील, आणि हलगी सगळ्यांच्या हातात फिरेल. गणित-इंग्रजीही होईल, नाहीतर पोरांच्या पाठीवर पुन्हा गोणीच. पण चार पोरांना बाहेर ठेवून गायलेलं समतेचं गाणं मला ऐकवणार नाही.

येत्या रविवारी पाळी सुटल्यावर मी त्या दोन घरी जाणार आहे. भांडायला नाही, पोरं परत मागायला. बरोबर कोण कोण येतंय, बोला.