फुकट आहे म्हणजे मोकळं आहे का?

आजचा विषय कॉपीराइट. तोही गाण्याचा किंवा सिनेमाचा नाही, पाइपच्या मानकांचा. थांबा, पुढे ढकलू नका. यात माझी स्वतःची फजिती आहे.

माझ्या मामांचा जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपचा छोटा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत मामा, त्यांचे दोन शेजारी कारखानदार आणि धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला माझा कॉलेजचा मित्र, अशा चौघांनी ठरवलं की तपासणीची एकच पद्धत मराठीत लिहायची. नमुना कसा कापायचा, जाडी कुठे मोजायची, नोंद कशी ठेवायची. म्हणजे आपल्यापुरतं छोटं मानकच. लिहिणार कोण? पुण्यात लॅपटॉपसमोर बसणारा बीटेक भाचा.

मी काय केलं? मामांच्या कॉम्प्युटरवर आयएस ४९८५ ची पीडीएफ पडलेली होती. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक. त्यातले तीन तक्ते उचलले, दोन आकृत्या चिकटवल्या, चाचणीची कलमं जशीच्या तशी मराठीत उतरवली. एक आलेख परदेशी मशीन कंपनीच्या कॅटलॉगमधून घेतला. बावीस पानं. ग्रुपवर टाकली, सगळ्यांचे अंगठे आले. मी खूश.

मग धुळ्याहून मित्राचा फोन. "अरे, दोनशे प्रती छापायला टाकतोय. परवानगीची ओळ काय लिहू?"

मी गप्प. मामा म्हणाले, "अरे भो, सरकारी कागद आहे ना तो? त्याला कसला मालक?"

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून वाचायला बसलो.

भारतीय मानकं काढते भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस. २०१६ च्या बीआयएस कायद्याचं कलम ११ सांगतं की ब्यूरोच्या परवानगीशिवाय मानक किंवा त्याचा भागही छापता येत नाही. स्वतःच्या वापरासाठी एक प्रत चालते. मोडलं तर दंड पाच लाखांपर्यंत. आणि भाषांतर केलं म्हणून सुटका नाही, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो.

यावर भांडणही झालंय. २०१५ मध्ये पब्लिक रिसोर्स ही संस्था, सुशांत सिन्हा आणि श्रीनिवास कोदाली दिल्ली हायकोर्टात गेले. मुद्दा साधा होता: लोकांच्या सुरक्षिततेचे नियम लोकांना मोकळेपणाने वाचता आले पाहिजेत. आज भारतात तयार झालेली मानकं पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतात. पण फुकट वाचायला मिळणं वेगळं आणि छापून वाटायचा हक्क मिळणं वेगळं.

आता गंमत बघा. उत्तर त्या पीडीएफच्या शेवटच्या पानावरच होतं, मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो. तिथे लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय काही छापू नका, पण मानक अंमलात आणताना लागणारी चिन्हं, मापं, ग्रेडची नावं खुशाल वापरा.

आणि दुसरा धक्का: ती पीडीएफ २००० सालची होती. २०२१ ची नवी आवृत्ती आलेली. दोनशे प्रती छापल्या असत्या, तर कामगारांच्या हातात जुनं मानक गेलं असतं. कोडमध्ये आपण लायब्ररी कॉपी-पेस्ट करत नाही, तिचं नाव आणि आवृत्ती लिहितो. इथेही तेच करायचं होतं.

मग सगळं पुन्हा लिहिलं. तक्त्याच्या जागी "आयएस ४९८५ ची चालू आवृत्ती, अमुक तक्ता पाहा". प्रत्येक युनिटने स्वतःच्या नावाने प्रत उतरवली. आपण बनवतो तेवढ्याच पाइपांची मापं घेतली. पद्धत आमच्या शब्दांत, मामांच्या जुन्या ऑपरेटरला विचारून. आकृत्यांऐवजी मोबाइलवर काढलेले फोटो. बावीसची नऊ पानं झाली, आणि खरं सांगतो, कामगारांना तीच जास्त कळली.

आलेख मात्र हवाच होता. कंपनीला मेल केला: कोणतं पान, कोणती आकृती, किती प्रती, छापील की मोबाइलवरही, मराठी मथळा चालेल का, पुढच्या आवृत्तीत वापरू का. तीन आठवड्यांनी होकार आला, आकृतीखाली त्यांचं नाव टाकायच्या अटीवर.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या आयईटीएफलाही हा त्रास झालाय. २००८ मध्ये त्यांनी लेखकांकडून घ्यायचे हक्क वाढवले, पण आधीच्या मजकुराच्या लेखकांनी ते दिलेलेच नव्हते. जुना मजकूर नव्या मसुद्यात घ्यायचा तर त्यांना शोधत फिरा!

म्हणून पहिल्या दिवशीच एक शीट उघडा. काय घेतलं, कुठून, मालक कोण, परवानगी आली का. शेवटचा रकाना रिकामा असेल तर मसुदा ग्रुपवर टाकू नका.

मामा आता काय म्हणतात माहितेय? "भो, आधी शेवटचं पान वाच." चला, भेटू पुढच्या भागात.