कारागिरास बसावयास जागा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला ‘आपली परंपरागत कला’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. परंपरेची थोरवी गाणारी भाषणे आपण दरवर्षी ऐकतो. म्हणून आज मी थोरवी गाणार नाही. नुकत्याच पाहिलेल्या एका जागेची हकीकत सांगणार आहे आणि अखेरीस मंडळाजवळ एक मागणे मागणार आहे.

ती जागा म्हणजे सावंतवाडीचा राजवाडा. समोर १८७४ साली बांधलेला मोती तलाव आहे. ज्या दालनात पूर्वी संस्थानचा दरबार भरत असे, त्याच दालनात आज चितारकाम करणारे कलावंत बसतात. कोणी गंजिफा रंगवितो, कोणी लाकडी वस्तूंवर वेलबुट्टी काढतो. स्त्रियाही तेथे काम करतात. येणारा पाहुणा त्यांच्या पाठीशी उभा राहून हे सारे पाहू शकतो.

गंजिफा म्हणजे आपल्याकडील जुने खेळावयाचे पत्ते. ते आकाराने वाटोळे असतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळ दिवसा असेल तर आरंभ रामाच्या राजाने आणि रात्री असेल तर कृष्णाच्या राजाने करावयाचा. मी शिक्षक असल्याने तेथेच उभ्या उभ्या हिशेब केला. एकापासून दहापर्यंतच्या पानांवर एका रंगात ५५ चिन्हे होतात. दहा रंगांत ५५०. शिवाय राजे आणि प्रधान मिळून वीस संपूर्ण चित्रे. हे सर्व हाताने, बारीक कुंचल्याने काढावयाचे. आणि त्याआधी पानावर चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन ते घोटावयाचे, नंतर लाखेचे रोगण चढवावयाचे. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हा डाव मागे का पडला, हे निराळे सांगावयास नको.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही विद्या जाणणारे हात अगदी थोडे उरले होते. त्या वेळी, १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांना राजवाड्यात बोलाविले. कशासाठी? शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्यासाठी नव्हे. विद्या शिकविण्यासाठी. आणि शिकणारांत स्वतः राणीसाहेब होत्या! पुढे त्यांनी तरुण मुलामुलींना या कामास लाविले, विक्रीची व्यवस्था पाहिली आणि २०१८ साली निधन होईपर्यंत या कामाचा पाठपुरावा केला.

बंधूंनो, या हकीकतीतील मर्म मला असे वाटते. त्या राजदंपतीने कलेस आश्रय दिला, असे आपण सहज म्हणतो. पण आश्रय म्हणजे नेमके काय दिले? बसावयास जागा दिली, शिकणारा शेजारी दिला, आणि विकत घेणारा माणूस दारी आणला. या तिन्ही गोष्टी एका छताखाली आल्या म्हणून ती विद्या तगली. एकट्याने घरात बसून ५५० चिन्हे काढणाऱ्यास उमेद कोठून येणार? परंतु जेथे चारजण बसले आहेत, तेथे नवशिक्यालाही स्थान असते. आज त्याला एक मासा नीट साधला, तर उद्या दोन साधतील. आणि राजाचे मुख रंगविणारा हात त्याच्या डोळ्यांसमोर रोज चालत असतो. हे पुस्तकातून शिकविता येत नाही, हे चाळीस वर्षे पुस्तके शिकवून मी सांगतो.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या पूर्वजांच्या घरोघरी रंधा आणि पटाशी होती. आजही आपल्यात कोरीव काम करणारे आहेत, गणपती घडविणारे आहेत. चित्रे काढणाऱ्या मुली आहेत. ही मंडळी दोन खोल्यांच्या घरात, जेवणाची ताटे उचलल्यावर, दिव्याच्या उजेडात काम करतात. त्यांचा सत्कार आपण याच व्यासपीठावर केला आहे. त्यांना शाल मिळाली. बसावयास जागा मिळाली नाही.

आपली नवी वास्तू उभी राहत आहे. नकाशात मंगल कार्यालय आहे, भोजनगृह आहे, वधूवरांच्या खोल्या आहेत. माझे मागणे एवढेच की, उत्तरेकडील उजेडाची एक खोली कारागिरांसाठी राखून ठेवावी. तीत एक लांब मेज, कुलपाची कपाटे आणि दर्शनी भागी विक्रीची एक फळी असावी. त्या खोलीचे भाडे बुडेल, असे खजिनदार म्हणतील, व ते खरेच आहे. पण लग्नाचे भाडे देणारे कार्यालय गावात आणखीही निघेल; पटाशी हाती धरावयास शिकविणारी खोली दुसरे कोणी बांधणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ती काहींस रुचणार नाही. त्या खोलीच्या दारावर ज्ञातीची पाटी नसावी. शिकावयास येईल तो विद्यार्थी, एवढीच ओळख पुरे. सावंतवाडीत चिताऱ्याने आपली विद्या राजघराण्यास दिली, इतर घरांतील मुलांस दिली, म्हणूनच ती आज दृष्टीस पडते. कुलपात ठेवलेली विद्या मालकाबरोबर जाते. आपल्यातील वृद्ध कारागीर आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. वास्तूची दुसरी मजल कधीही चढविता येईल. त्यांचे हात थांबणार नाहीत.

तरी सर्वसाधारण सभेने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.