वहीतली नावं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, स्टोनी क्रीक इथे १९ फेब्रुवारी १८९७ रोजी शंभराहून अधिक ग्रामीण स्त्रिया जमल्या आणि जगातली पहिली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. प्रेरणा ॲडलेड हूडलेस यांची. तान्हा मुलगा गमावल्यावर घरच्या स्वच्छतेचं, आहाराचं शिक्षण स्त्रियांना मिळावं, हा त्यांनी ध्यास घेतला होता.

अशा स्थानिक मंडळांच्या सभांची इतिवृत्तं, जमाखर्च, सगळं हाताने लिहिलेलं. शब्द टाकून शोधता यावं म्हणून स्वयंसेवक पानांची छायाचित्रं समोर ठेवून मजकूर टंकित करतात. मूळ लेखनातली चूकसुद्धा तशीच ठेवायची. शब्द लागला नाही तर खूण करायची, अंदाज लिहायचा नाही. मग दुसरं कुणीतरी पान तपासतं.

सगळ्यात अवघड असतात नावं. त्या काळी विवाहितेची नोंद बहुधा ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव, अशी व्हायची. तिचं स्वतःचं नाव जनगणनेत, चर्चच्या लग्ननोंदीत शोधावं लागतं. वेळ फार जातो, पण मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणणाऱ्या बाईचं नाव त्यातूनच हाती लागतं.